प्लायमाउथ : कुर्ल्याची आणि धरमतरची

अलीकडे मोटारींविषयी मराठीत जे लिखाण होत आहे त्यातील बरेचसे मी पदरचे पैसे खर्चून वाचले. आणि ते वाचून झाल्यावर असे दिसले की, कोकणातील अमेरिकन मोटारींचा इतिहास म्हणजे शेवरलेटचा इतिहास, व मुंबईच्या टॅक्सीचा इतिहास म्हणजे पद्मिनीचा इतिहास, असा ठराव आमच्या काही विद्वान मित्रांनी परस्पर मंजूर करून टाकला आहे. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर शेवटची काळीपिवळी पद्मिनी मुंबईच्या रस्त्यावरून निवृत्त झाली तेव्हा वृत्तपत्रांनी तिला जो निरोप दिला तो तिच्या योग्यतेस साजेसाच होता, आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. परंतु ज्या कुर्ल्याच्या कारखान्यातून ती निघाली त्याच कारखान्यातून तिच्या कितीतरी आधी प्लायमाउथ निघत होती. आणि २८ जून २००१ रोजी अमेरिकेतील इलिनॉय संस्थानात बेल्व्हिडिअर येथे त्या नावाची अखेरची गाडी तयार होऊन ते नाव कायमचे दप्तरदाखल झाले, तेव्हा आमच्याकडे तिच्याविषयी दोन ओळी लिहिलेल्या निदान माझ्या वाचनात आल्या नाहीत.

अमेरिकेतील हकीकत वाचकांस ठाऊक असेल असे धरून मी ती थोडक्यात आटोपतो. वॉल्टर क्रायस्लरने १९२८ च्या जुलैत ही गाडी फोर्ड व शेवरलेट यांच्याशी किमतीत टक्कर देण्यासाठी काढली, आणि स्वस्त गाडीला चारही चाकांस तेलाच्या दाबाचे ब्रेक देऊन त्या दोघांना पहिल्याच वर्षी लाजविले. १९३१ साली इंजिन रबराच्या बैठकांवर तोलून बसविण्याची युक्ती तिच्यात आली, जिला कंपनीने ‘फ्लोटिंग पॉवर’ असे भारदस्त नाव दिले. १९३३ च्या नमुन्यापासून चाराऐवजी सहा सिलिंडर आले. आणि त्या सुमारास अमेरिकेच्या खपात तिने जो तिसरा क्रमांक पटकाविला तो १९५४ पर्यंत बहुतेक सोडला नाही. पुढे १९५७ साली तिला माशासारखे पर फुटले, साठोत्तर काळात तरुणांसाठी भरधाव गाड्या निघाल्या, आणि त्यावरच आजकालचे लेखक पानेच्या पाने खर्च करतात. त्या परांचा, त्या वेगाचा आणि आमच्या मुलखाचा काडीमात्र संबंध नाही, म्हणून मीही त्यांच्याशी संबंध ठेवीत नाही.

आमचा मुलूख म्हणजे धरमतर. आज वडखळ नाक्यावर ट्रेलरांच्या रांगेत अडकलेल्या प्रवाशास हे खरे वाटणार नाही, परंतु कोकणच्या बऱ्याच मोठ्या भागासाठी मुंबईचा दरवाजा एके काळी अंबा नदीच्या खाडीवरील या बंदरात होता. ठाण्याची खाडी ओलांडणारा वाशीचा पूल १९७३ पर्यंत झालेलाच नव्हता. सडकेने यावयाचे तर ठाणे-पनवेलचा वळसा घ्यावा लागे. म्हणून सामान्य उतारू भाऊच्या धक्क्यावरून लाँच धरी, रेवस मागे टाकून खाडीत शिरे, आणि धरमतरच्या धक्क्यावर उतरताच पेण, नागोठणे, कोलाड, माणगाव, महाड अशा आरोळ्या देणाऱ्या मोटारवाल्यांच्या हाती सापडे. धरमतरच्या खाडीवर पूल होईपर्यंत अलिबागकडच्या उतारूस तर तरीने पलीकडे जाऊन पोयनाडच्या अंगाची मोटार गाठावी लागे, म्हणजे एकाच खाडीच्या दोन काठांवर दोन वेगळी मोटारराज्ये नांदत होती.

या मोटारराज्याची सत्ता किती होती याचे प्रमाण सरकारी दप्तरात शोधण्याचे कारण नाही. २४ डिसेंबर १९२७ रोजी डॉ. आंबेडकर महाडच्या दुसऱ्या परिषदेसाठी दोनशेहून अधिक प्रतिनिधींसह मुंबईहून ‘पद्मावती’ बोटीने निघाले, तेव्हा धरमतर सोयीचे असूनही त्यांनी दासगावचे बंदर पसंत केले. कारण मोटारमालकांनी बहिष्कार घातलाच तर दासगावाहून महाडचे पाच मैल पायी तोडता येण्याजोगे होते, धरमतरहून महाड तसे नव्हते. कोकणात मोटार आली आणि सर्वांस प्रवास खुला झाला असे जे सरसकट विधान केले जाते, ते करणाऱ्यांनी हा मजकूर आपल्या लेखात कोठेतरी अवश्य घालावा. त्याच काळात, १९२८ पासून, मुंबईत शिवडीस जनरल मोटर्सचा जोडणीचा कारखाना सुरू झाला होता, आणि त्यामुळे युद्धापूर्वी आमच्या रस्त्यावर शेवरलेटचे प्राबल्य होते हे मी नाकारीत नाही. माझे भांडण युद्धानंतरच्या काळाविषयी आहे.

युद्धानंतरचा काळ म्हणजे वालचंद हिराचंद. सोलापूरच्या या पुरुषाविषयी लिहिणारे त्यांचे जहाजांचे प्रकरण एका अध्यायात आणि मोटारींचे दुसऱ्या अध्यायात घालतात. परंतु धरमतरच्या धक्क्यावर उभे राहून पाहिले तर ती दोन प्रकरणे एकच होतात. ज्या सिंदिया कंपनीचे ते सूत्रधार होते तिने १९३९ साली बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन ही कोकण किनाऱ्यावर उतारूंच्या बोटी चालविणारी कंपनी आपल्या ताब्यात घेतली. आणि पाचच वर्षांनी, १९४४ साली, त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना करून क्रायस्लरशी करार केला. मोटारीचा कारखाना काढण्यासाठी ते किती वर्षे खटपट करीत होते, विश्वेश्वरय्यांसारखा अभियंता त्या कामी कसा झटला, आणि फोर्डने नकार दिल्यावर क्रायस्लरने होकार कसा दिला, हे सर्व इतरत्र येऊन गेले आहे. १९४७ पासून कुर्ल्यास डॉज, डिसोटो, प्लायमाउथ व फार्गो ही सर्व क्रायस्लर मंडळी खोक्यांतून सुटी येऊन जोडली जाऊ लागली. किनाऱ्याचे उतारू वाहणारा आणि त्यांना किनाऱ्यावरून पुढे नेणारी मोटार जोडणारा माणूस एकच असावा, असा योग हिंदुस्थानात दुसरीकडे क्वचितच आला असेल.

१९४७ सालीच, १७ जुलै रोजी, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडून सहाशेहून अधिक माणसे गेली. ती बोट दुसऱ्या कंपनीची होती. पण आमच्याकडील घरांना कंपन्यांचा भेद कळत नव्हता. पावसाळी दिवसांत शक्यतो सडकेनेच यावे असा दंडक अनेक घरांत त्या वर्षापासून पडला, आमच्या घरातही पडला. त्यातच १९४८ साली राज्य परिवहनाची एस.टी. सुरू होऊन पुढील काही वर्षांत खासगी बसमालकांचा अंमल संपला. आणि ज्यांचे परवाने गेले त्यांपैकी काहींनी भांडवल गोळा करून मोठ्या टॅक्सी घेतल्या. ही टॅक्सी म्हणजे बहुधा प्लायमाउथ.

ती राजेरजवाड्यांची गाडी नव्हती, हे एकदा निक्षून सांगितले पाहिजे. संस्थानिकांच्या वाहनशाळांची छायाचित्रे छापणाऱ्या अंकांतून जिचा उल्लेख होत नाही, ती ही सवारीची गाडी होती. सहा जणांसाठी बांधलेली आणि आमच्याकडे नऊ जणांस, शिवाय दोन कोंबड्या व एका पाटीस घेऊन जाणारी. तिची घडणच या कामास अनुकूल होती. १९४९ साली नवे रूप देताना क्रायस्लरचे प्रमुख के. टी. केलर यांनी आग्रह धरला की, डोक्यावरची टोपी न काढता माणसास आत बसता आले पाहिजे. अमेरिकेत त्या उंच, चौकोनी टपाची चेष्टा झाली, आणि बुटक्या गाड्या काढणाऱ्या प्रतिस्पर्ध्यांचा खप त्यामुळे वाढला असे म्हणतात. पण फेटा बांधून लग्नास निघालेल्या पेणच्या वऱ्हाडाला त्या टपाखाली जी अदब राखता येई ती दुसऱ्या कोणत्या मोटारीत राखता आली, हे मला दाखवून द्यावे.

इंजिन सहा सिलिंडरांचे, साडेतीन लिटरांहून किंचित मोठे, व्हॉल्व्ह बाजूला असलेले जुन्या पद्धतीचे. कागदावर सत्त्याण्णव अश्वशक्तीचे. आजचा तरुण हे आकडे ऐकून नाक मुरडतो. परंतु त्याचा दाब सातास एक इतकाच असल्यामुळे त्या काळचे हलके पेट्रोल त्यास पचत असे, आणि मंद गतीतच त्याचा जोर असल्यामुळे नागोठण्यापुढील सुकेळीची खिंड भरल्या गाडीने दुसऱ्या गिअरात, इंजिनाचा आवाज न चढविता, पार होई. गिअरचा दांडा स्टिअरिंगखाली असल्याने पुढच्या बाकावर तिसरा उतारू निर्वेध बसत असे. आणि त्या तिसऱ्या उतारूच्या भाड्यावर ड्रायव्हरचा चहा, किन्नरचा चहा आणि कधीकधी नाक्यावरील शिपायाचाही चहा भागत असे.

तिच्या खोड्याही होत्या, व त्या सांगितल्यावाचून तिची ओळख पुरी होत नाही. १९५६ पूर्वीच्या सर्व गाड्यांत विजेचा दाब सहाच व्होल्टचा, आणि बॅटरीचे धन टोक चौकटीस जोडलेले. खारेपाटाच्या हवेत जोडांवर हिरवा गंज चढला की पहाटेच्या लाँचसाठी निघालेली गाडी सेल्फने सुरू होईना आणि किन्नरास हँडल मारावे लागे. हातब्रेक चाकांवर नसून गिअरपेटीच्या मागे दांड्यावर होता, तो चालत्या गाडीत ओढणाऱ्यास जन्माची अद्दल घडे. पण सर्वांत मोठी गंमत डाव्या बाजूच्या चाकांची. क्रायस्लरने त्या चाकांचे बोल्ट उलट्या आट्यांचे ठेवले होते. हे ज्याला ठाऊक नाही असा परगावचा मिस्त्री पाना लावून जीव खाऊन बोल्ट सैल करू पाही आणि तो उलट आवळत आवळत शेवटी मोडून टाकी. पेणच्या एका गॅरेजात नवीन पोऱ्यास कामावर घेताना वृद्ध मिस्त्री त्यास दुसरे काही विचारीत नसत. प्लायमाउथचे डावे चाक काढावयास सांगत व आपण विडी पेटवीत.

बॉनेटच्या टोकावर शिडाचे एक चिमुकले जहाज असे. १६२० साली इंग्रज यात्रेकरूंना अमेरिकेत नेणाऱ्या ‘मेफ्लॉवर’चे ते चिन्ह, हे आम्हांस पुष्कळ उशिरा समजले. धक्क्यावरील एका तांडेलाने मात्र ते जहाज निरखून, एवढ्या शिडांना एवढासा नाळ पुरावयाचा नाही आणि वारा फिरला तर हे मचव्याच्याही मागे पडेल, असा अभिप्राय दिला होता. आणि तो मी कोणत्याही मोटारतज्ज्ञाच्या अभिप्रायाइतकाच मोलाचा मानतो.

येथे मला दुसऱ्या एका पंथाचा समाचार घेणे प्राप्त आहे. डॉज ही प्लायमाउथहून अधिक दणकट होती, असे सांगणारे गृहस्थ आजही रोह्याला भेटतात. त्यांस एवढेच सांगावयाचे की, परदेशांसाठी क्रायस्लर जी डॉज किंग्जवे व जी डिसोटो डिप्लोमॅट पाठवीत असे, ती मूळची प्लायमाउथच. पुढची जाळी, नाव आणि किरकोळ सजावट तेवढी बदललेली. एकाच आईच्या तीन मुलींपैकी कोण बळकट यावर रोह्याच्या चहाच्या दुकानात हाणामारीपर्यंत वाद गेलेला मी पाहिला आहे, आणि त्यातील दोन्ही पक्षांच्या गाड्यांना एकाच गॅरेजातून एकाच पेटीतले पिस्टन बसत होते. स्टुडबेकर, हडसन यांविषयी लिहिण्याजोगे माझ्यापाशी काही नाही, आणि त्यांच्या चाहत्यांपाशीही फारसे असेल असे वाटत नाही.

पुढचा इतिहास परवान्यांचा आहे व तो कंटाळवाणा आहे. १९५३ साली जकात आयोगाच्या शिफारशीनंतर, भाग येथेच बनविण्याची योजना नसलेल्या जोडणी-कारखान्यांना सरकारने आवरते घ्यावयास लावले. शिवडीचा कारखाना १९५४ साली बंद झाला. प्रीमियर राहिली, पण परकीय चलनाची ओढ लागताच मोठ्या गाड्या मागे पडल्या आणि कुर्ल्याचे लक्ष इटलीच्या फियाट ११०० कडे, लोक जिला ‘डुक्कर फियाट’ म्हणत तिच्याकडे, वळले. सॅव्हॉय नावाची प्लायमाउथ त्यानंतरही काही काळ दिसत राहिली. ज्यांच्या दारी गाडी होती त्यांना भाग मिळेनासे झाले, आणि तेथून मिस्त्रींचे खरे राज्य सुरू झाले.

या राज्याविषयी एकाही इतिहासकाराने लिहिलेले नाही, म्हणून मी लिहितो. रिंगा मिळेनात तेव्हा फार्गो ट्रकच्या रिंगा घासून बसविल्या गेल्या. पाटा तुटला तर ट्रकचा पाटा कापून लोहाराच्या भट्टीत वाकविला गेला. ब्रेकच्या रबरी वाट्यांसाठी मुंबईच्या चोरबाजारात माणूस पाठविला गेला आणि तो परत येईपर्यंत गाडी निव्वळ गिअरवर थांबविली गेली. हे सर्व नकाशे न पाहता, इंग्रजी न वाचता, बोटांच्या स्मरणावर झाले. परंतु साठीनंतर पेट्रोलचा खर्च झेपेना म्हणून मालकांनी मूळ इंजिने उतरवून पर्किन्सची डिझेल इंजिने चढविली, तो मात्र मला आजही सोसत नाही असा प्रकार होता. ज्या गाडीने इंजिनाची थरथर रबरात जिरविण्याचा बहुमान मिळविला, त्याच गाडीत बसलेल्या माणसाचे दात पेण ते महाड वाजत राहिले. या बदलाचे समर्थक म्हणतात की त्यामुळेच ती आणखी दहा-पंधरा वर्षे जगली. जगली हे खरे. पण मालकांनी उतरविलेली ती सहा सिलिंडरांची इंजिने शेतावरच्या पंपांना जुंपली गेली आणि अखेरीस भंगारवाल्याच्या तराजूत गेली, हेही तितकेच खरे.

हल्ली जुन्या मोटारींच्या मिरवणुका निघतात. त्यांत एखादी प्लायमाउथ असतेच. चकचकीत, कधी नसलेल्या रंगाची, आणि चालकाशिवाय आत कोणी नसलेली. तिच्यावर टॅक्सीची पाटी, टपावरचा दोरखंड, मागच्या काचेवर हाताने रंगविलेले देवाचे नाव यांतले काहीच उरू दिलेले नसते, आणि त्याला ‘मूळ स्वरूप’ असे म्हणण्याची पद्धत पडली आहे. हे मूळ स्वरूप डेट्रॉईटचे असेल; धरमतरचे नव्हे. इकडे बंदरात आता उतारूंऐवजी लोखंडाच्या कारखान्यासाठी कोळशाच्या बार्जा लागतात, पेण-वडखळच्या रस्त्याचे रुंदीकरण वर्षानुवर्षे रेंगाळले, आणि सवारीचे काम मिनीडोर रिक्षा करते, जिच्यात फेटा घालून बसणे शक्य नाही व घालणारेही उरले नाहीत.

तालुक्यातील जुन्या टॅक्सींचे परवाने, मिस्त्रींच्या उधारीच्या वह्या, बंदरावरील भाड्याच्या पावत्या यांपैकी जे काही कोणाच्या माळ्यावर असेल ते रद्दीत जाण्यापूर्वी एखाद्या तरुण अभ्यासकाने पेण, नागोठणे, रोहे असे फिरून उतरवून घ्यावे. हयात मिस्त्रींची नावे व त्यांच्या दुकानांच्या खुणा मी लिहून ठेवल्या आहेत, आणि त्या मागेल त्यास देईन. अट एवढीच की, प्रस्तावनेच्या पहिल्या परिच्छेदात त्याने शेवरलेटचे नाव काढता कामा नये.