अर्धी गोळी, पाव गोळी

झोपेच्या गोळ्यांवरचा माझा लेख वाचून सांगलीच्या एका ताईंनी सासऱ्यांच्या गोळ्या थेट कपाटात कुलूपबंद केल्या. सासरे अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, अल्प्राझोलामची पॉइंट फाइव्हची गोळी बरीच वर्षं रोज घेणारे. दुसऱ्याच रात्री झोप उडाली, हात थरथरू लागले, दरदरून घाम. ‘आता काय करू?’ असं त्यांनी पत्रातून विचारलं. त्यांना फोनवर लगेच सांगितलं, आजच डॉक्टरांकडे न्या. ते बहुधा गोळी पुन्हा सुरू करतील; त्याला हार समजू नका.

ही गोळी मेंदूतल्या ‘गाबा’ नावाच्या रसायनाचा जोर वाढवते. गाबाचं काम ब्रेकचं. बाहेरून रोज ब्रेक दाबला जातोय म्हटल्यावर मेंदू स्वतःचा ब्रेक सैल सोडतो. मग गोळी एका दिवसात बंद केली की थरथर, भ्रम, प्रसंगी फेफरंसुद्धा.

आणि वयाचा प्रश्न आहेच. चिठ्ठी साठाव्या वर्षी लिहिलेली असते, गोळी तीच राहते, माणूस मात्र अठ्ठ्याहत्तरचा होतो. याच जातीच्या डायझेपामचं उदाहरण माझ्या फार आवडीचं. क्लोट्झ आणि सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये दाखवलं की रक्तातलं त्याचं प्रमाण निम्म्यावर यायला विशीत साधारण २० तास लागतात, ऐंशीत ९० च्या आसपास. म्हणजे आजची गोळी उतरायच्या आत उद्याची आणि परवाची पोटात. सकाळी तोल जातो, बाथरूममध्ये पाय घसरतो, खुब्याचं हाड मोडतं, आणि घरचे म्हणतात, वय झालं! अल्प्राझोलाम त्या मानाने लवकर उतरतं, म्हणूनच ते तोडल्याचा त्रासही लवकर सुरू होतो.

सोडवायचं कसं, याचं मला पटलेलं उत्तर कॅनडातलं आहे. क्विबेकमध्ये कारा टॅननबाउम यांच्या गटाने वर्षानुवर्षं या गोळ्या घेणाऱ्या ज्येष्ठांना फक्त एक माहितीपुस्तिका दिली. गोळीचे धोके, आणि पूर्ण, अर्धी, पाव अशी २१ आठवड्यांत उतरत जाणारी मात्रा चित्रांतून. सहा महिन्यांनी २७ टक्के लोकांची गोळी सुटली होती. पुस्तिका न मिळालेल्यांपैकी ५ टक्क्यांची. २०१४ मध्ये हे प्रसिद्ध झालं. म्हाताऱ्या माणसाला नीट समजावून सांगितलं तर तो ऐकतो, कुलपाची गरज नसते.

आपल्याकडे त्याच वर्षी १ मार्चपासून या गोळ्यांच्या विक्रीला ‘एच-१’ अनुसूची लागू झाली. पाकिटावर लाल चौकट, दुकानदाराने रुग्णाचं आणि डॉक्टरांचं नाव वेगळ्या वहीत लिहायचं, वही तीन वर्षं जपायची. कायदा चांगलाच आहे. पण जुनं रिकामं पाकीट पुढे केलं की नवं मिळतं, अशी दुकानं प्रत्येक पेठेत आहेत.

ताईंच्या पत्रात एक गोष्ट नाही. सासरे रात्री थोडी ‘घेतात’ का? दारूसुद्धा त्याच गाबावर काम करते. दोन्ही एकत्र घेणं धोक्याचं, आणि दोन्ही घरच्या घरी एकदम तोडणं त्याहून. तेव्हा डॉक्टरांकडे जाताना गोळ्यांची सगळी पाकिटं सोबत न्या, आणि पेगाचा खरा आकडा सासऱ्यांनाच सांगू द्या.