आठवण यंत्राची, निर्णय आपला

ॲपमध्ये कामं उत्साहाने नोंदवली जातात. ती यादी पुन्हा वाचायचं मात्र राहून जातं. डेव्हिड ॲलन यांनी २००१ च्या ‘गेटिंग थिंग्ज डन’ या पुस्तकात साप्ताहिक आढाव्यावर भर दिला, तो याचसाठी. मॅसिकॅम्पो आणि बाउमाइस्टर या मानसशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये प्रयोगांतून दाखवलं की अपुरं काम मनात घोळत राहतं. पण ते कधी आणि कसं करायचं हे पक्कं ठरलं, की काम व्हायच्या आधीच ही टोचणी कमी होते. म्हणजे नुसती नोंद पुरत नाही, ठरवावं लागतं.

ठरवायच्या वेळेची आठवण करून देणं हे यंत्राचं काम. दर शुक्रवारी आपोआप उगवणारं ‘आढावा’ हे काम आणि मुदत उलटलेली किंवा तारीखच नसलेली कामं वेगळी काढणारा फिल्टर, एवढं अनेक ॲपमध्ये एकदाच लावून ठेवता येतं. मग उरलेली कामं ॲपनेच पुढच्या आठवड्यात का ढकलू नयेत? कारण तारीख बदलली तरी निर्णय झालेला नसतो. शिळी कामं फक्त साठत जातात. ॲपच्या सतत येणाऱ्या सूचनांकडे सवयीने दुर्लक्ष होतं, हा आक्षेप मात्र रास्त आहे. म्हणून आढाव्याची सूचना आठवड्याला एकच असावी, आणि प्रत्येक काम करायचं, सोपवायचं, पुढे न्यायचं की खोडायचं, हे तिथेच ठरावं.