अकरा पायउतार

आसूदच्या चढावर मला एका पाववाल्याने मागे टाकलं. तेही चालत. मी सायकलवर होते, सगळ्यात हलक्या गिअरमध्ये, रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत नागमोडी वळत. वेगाचा आकडा पाचच्या खाली गेलेला. त्याने एक हात हँडलला आणि दुसरा कॅरियरवरच्या पत्र्याच्या पेटीला लावला होता, आणि सायकल ढकलत तो सरळ रेषेत माझ्या बाजूने वर निघून गेला. जाताना म्हणाला, "ताई, इथे उतरायचं असतं."

त्या 'असतं'नेच मला डिसेंबरात पुन्हा हर्णैला आणलं. दमलात तर उतरा, असं तो म्हणाला नव्हता. देवळात चपला काढायच्या असतात, तसं ते वाक्य होतं.

दापोली तालुक्यातले हे रस्ते आता पुण्यामुंबईच्या सायकलवाल्यांना पाठ झालेत. किनाऱ्याने गोव्याला जाणारे बागमांडल्याला जेटीवर सायकली चढवतात, वेश्वीला उतरतात, केळशी-आंजर्ले-हर्णै-मुरुड-लाडघर करत दाभोळ गाठतात आणि पुन्हा जेटीने धोपाव्याला. नकाशावर हे अंतर किरकोळ दिसतं. किनाऱ्याचा रस्ता म्हणजे सपाट, अशी समजूत करून येणारा पहिल्याच दिवशी गप्प होतो. इथे जांभ्याचा सडा थेट समुद्रापर्यंत येऊन तुटतो. गावं बसलीत ती दोन कड्यांच्या मधल्या पुळणीवर आणि खाडीच्या तोंडाशी. शेजारच्या गावात जायचं तर आधी सड्यावर चढा, मग उतरा. दापोली समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० फुटांवर आहे, पण ते ८०० फूट एकदाच चढून सुटका होत नाही. गावागणिक थोडे थोडे परत वसूल होतात.

पहाटे पाचला तो पाववाला, म्हणजे चाचा, हर्णैच्या बेकरीच्या मागच्या दारी उभे होते. (सगळे त्यांना चाचाच म्हणतात, मीही म्हणू लागले.) लाद्या मोजून पेटीत, वर बटर आणि खारीच्या पिशव्या, त्यावर प्लास्टिक, त्यावर सुतळी. मी सहज मागचं चाक उचलून पाहायला गेले. उचललं नाही.

"किती ठिकाणी उतरता?" मी विचारलं.

"अकरा."

विचार न करता आलेलं उत्तर. मला खरं वाटलं नाही, म्हणून मोजायचं ठरवलं.

त्यांची सायकल काळी, अठ्ठावीस इंची चाकांची, सळईच्या ब्रेकची. पुढे ४४ दाते, मागे १८, आणि गिअर हा एवढाच. पायडलचा एक फेरा मारला की सायकल साडेपाच मीटरच्या आसपास पुढे जाते, चढ असो की सपाटी. माझ्या सायकलीचा हलका गिअर पुढे ३४, मागे ३२ दात्यांचा; एका फेऱ्याला सव्वादोन मीटर. म्हणजे तोच चढ मी अडीच तुकडे करून खाते, त्यांना अख्खा गिळावा लागतो. तरी आमच्या मंडळींत पाय न टेकता चढ काढला याचं केवढं कौतुक! मीही ते मिरवलेलं आहे.

पाजपंढरीत अंधारातच पोंगा वाजला. वाळत घातलेल्या मासळीच्या वासात पावाचा वास मिसळला, दारं किलकिली झाली, पैसे नंतर, वही नाही, सगळं डोक्यात. आडखळवरून पुलाने खाडी ओलांडून आंजर्ल्यात आलो तेव्हा मागे आभाळ फटफटत होतं. तोवर चाचा तीनदा उतरले होते. पहिला चढ, दुसरा चढ. तिसऱ्या वेळी रस्ता सपाट होता.

"इथे का?"

"म्हातारीला पोंगा ऐकू येत नाय."

ते सायकल गडग्याला टेकवून आत गेले, ओटीवर सहा पाव ठेवले, आले. ही पण अकरातली एक. माझा हिशोब तिथेच चुकायला लागला, कारण मी नुसते चढ मोजायला आले होते.

मग कड्यावरच्या गणपतीचा रस्ता. वर जाताना ते उतरले, मी उतरले नाही. वर पोचून मी दम घेत त्यांची वाट पाहत राहिले, आणि मागे वळून पाहते तर वाटेवरच्या दोन घरांत त्यांचा पाव देऊनही झाला होता. मी त्या घरांवरून गेले होते हेही मला आठवेना. चढताना माझी नजर पुढच्या चाकापलीकडे गेलीच नव्हती.

परत खाली येताना तो वास पहिल्यांदा आला. गरम रबराचा, जळका, घशाशी येणारा. चाचांच्या ब्रेकची चार रबरं लोखंडी रिमला आतून घासत होती, आणि पेटीतला पाव त्याच वाऱ्यात होता. अर्ध्या उतारावर ते थांबले. उतरले. सायकल हातात धरून, ब्रेक आवळलेला ठेवून, खाली चालू लागले.

उताराला उतरणारा सायकलवाला मी त्याआधी पाहिला नव्हता. आमच्यात उतार म्हणजे बक्षीस. त्यासाठीच तर चढायचं.

"चढाला पैसे पडत नाहीत," ते म्हणाले. "पैसे उताराला पडतात. रबर जातो." पावसाळ्यात तर भिजलेल्या लोखंडी रिमला रबर धरतच नाही, ब्रेक दाबला तरी सायकल आपल्याच मनाने जाते. मागे एकदा पेटीसकट गडग्यावर गेले होते. तेव्हापासून अकरा. त्याआधी सात होत्या.

म्हणजे चार पायउतार त्या अपघाताने वाढवलेले. बाकीचे पाय, वय आणि गिऱ्हाइकं यांनी ठरवलेले.

हर्णैला परतून बंदराच्या अंगाने सालदुरे, मग मुरुड. सुवर्णदुर्गाकडे चाचांनी एकदाही पाहिलं नाही. मी तीन फोटो काढले. मुरुड म्हणजे धोंडो केशव कर्व्यांचं गाव. परीक्षेला बसायला ते इथून साताऱ्यापर्यंत चालत गेले आणि तिथे वयाने लहान दिसतो म्हणून त्यांना बसू दिलं नाही. हा सगळा मुलूखच पायी मोजलेला आहे. मुरुडात चाचांच्या आधी एक पोरगा मोटारसायकलवर पाव देऊन गेला होता. तीच बेकरी, तोच पाव. चाचांकडे राहिलेली घरं मोजकी, बहुतेक जुनी.

गाडी का नाही घेतली, हे विचारताना माझा सूर नको इतका हळवा झाला असणार, कारण ते हसले. "शिकलोच नाही ओ. शिकलो असतो तर तुम्ही मला कशाला शोधत आला असता?" सायकलीवर त्यांचं प्रेमबिम काही नाही. ती जुनी आहे, फेडून झालेली आहे, पेट्रोल मागत नाही, एवढंच.

आसूदचा चढ अकरावा. पेटी जवळजवळ रिकामी. दोन्ही बाजूंना सुपारीच्या बागा, खाली पाटाच्या पाण्याचा आवाज. चाचा एका ठरावीक आंब्यापाशी उतरले. मी दहा-बारा फेरे पुढे रेटले आणि मग उतरले. त्यांनी काही म्हटलं नाही. आम्ही चालत वर गेलो.

हर्णैला परतल्यावर मोबाइल काढून त्यांना आमच्या फेरीची रेघ दाखवली. खाडी, पूल, कडा, सगळं बरोबर. चढाईचे मीटर, सरासरी वेग. थांबलेला वेळ त्या ॲपने आपणहून वजा केलेला.

त्यांनी चष्मा वर सारून बराच वेळ पाहिलं. "उतरलो ते कुठाय?"

ते नव्हतं. रेघ सलग होती.

त्यांनी मग डाव्या हाताच्या ब्रेकचं एक रबर काढलं, नखाएवढं उरलेलं, आणि माझ्या हातावर ठेवलं. सळईच्या ब्रेकची रबरं इथे हल्ली मिळत नाहीत, पुण्यात मिळाली तर पाहा, हा नमुना. मी ते जर्सीच्या मागच्या खिशात, खजुराच्या पुडीशेजारी टाकलं. घरी येईपर्यंत खजुरालाही तो वास लागला होता.

पुण्यात पहिल्या दोन दुकानांत नमुना पाहून पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. तिसऱ्या दुकानातला म्हातारा मिस्त्री आत गेला, धुळीचा डबा घेऊन आला आणि म्हणाला, "किती पाहिजेत? परत येणार नाहीत ही." मी चार जोड्या घेतल्या, आणि जिना उतरल्यावर परत वर जाऊन उरलेल्याही.