यंत्रमाग कामगारांची संघटना : प्रश्न हजेरीपटाचा

कामगार संघटनांचे दिवस संपले, असे हल्ली आपले व्यापारी बंधू सहज बोलून जातात. परंतु संघटना का खचल्या आणि पुन्हा उभ्या राहणे त्यांना जड का जाते, याचा विचार मालक व कारागीर या दोघांनीही करावा, असे आम्हाला वाटते. भिवंडी-मालेगावात हे दोघे बहुधा एकाच मोहल्ल्यात राहतात.

१८ जानेवारी १९८२ पासून डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईचे सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याप्रमाणे बोलणी करण्याचा हक्क मात्र राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होता. कामगार एका संघटनेमागे, कायदा दुसरीमागे! त्यातच गिरण्यांचे कापड यंत्रमागांवर विणून येऊ लागले आणि संपाची धार बोथट झाली.

यंत्रमागावर संघटना बांधणे त्याहून कठीण. कामगार लहान लहान कारखान्यांत विखुरलेला. मजुरी कामावर. पुष्कळजण उत्तर प्रदेश-बिहारचे. मुलुखाहून परततात तोवर माग दुसऱ्याच्या हाती गेलेला असतो. लहान मालकही अनेकदा व्यापाऱ्याचे सूत घेऊन मजुरीवर कापड विणून देणारा. मग वाढ मागायची कोणाकडे?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता अमलात आल्या. आता एका आस्थापनेत अनेक संघटना असल्यास, हजेरीपटावरील ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असलेली संघटनाच बोलणी करणारी एकमेव संघटना ठरते. संपापूर्वी १४ दिवसांची नोटीसही द्यावी लागते. परंतु ज्याचे नावच हजेरीपटावर नाही, त्याची गणती कोणत्या टक्क्यात?

या प्रश्नाला एक तोड महाराष्ट्रातच निघाली होती. १९६९ च्या माथाडी कायद्याने आज या पेढीवर, उद्या त्या पेढीवर ओझी वाहणाऱ्या हमालांची मंडळाकडे नोंद झाली. व्यापाऱ्याने मजुरी व वर लेव्ही मंडळात भरायची. त्यातून भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी वगैरे मिळते. मालक बदलला तरी नोंद कायम राहते.

संघटनांनी केवळ मोर्चे न काढता आधी कारखानानिहाय नावनोंदणीचे काम हाती घ्यावे. आणि आमच्या मालक बंधूंनी हजेरीपटाला भिऊ नये. नोंद असलेला कारागीर टिकतो आणि व्यवहारही चोख राहतो. मजुराचा हक्क वेळेवर द्यावा, ही आपल्या दीनची शिकवण आहे. हक्क द्यायचा तर आधी त्याचे नाव वहीत हवे.