लेन्सच्या कडेवरचे दोन आकडे

प्रवासासाठी छोटा कॅमेरा घ्यायला गेलेल्या माणसाला खोक्यावर जे मोठ्या अक्षरांत दिसते, ते बहुतेक वेळा बिनकामाचे असते. ३० पट झूम, १८ मेगापिक्सेल, फोर-के व्हिडिओ. कामाचे आकडे लेन्सच्या कडेवर, चष्मा लावून वाचावे लागतील इतक्या बारीक अक्षरांत छापलेले असतात. २०१८ साली आलेल्या सोनीच्या एचएक्स-९९ या खिशात मावणाऱ्या कॅमेऱ्याचे उदाहरण घेऊ. त्याच्या लेन्सचे नाभीय अंतर ४.१ ते १२३ मिलिमीटर आणि छिद्राचा एफ-आकडा ३.५ ते ६.४. पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागले की उजेड आत येण्याच्या झरोक्याचा व्यास मिळतो. ४.१ भागिले ३.५ म्हणजे साधारण १.२ मिलिमीटर. झूम पूर्ण ताणला तर १२३ भागिले ६.४, म्हणजे सुमारे १९ मिलिमीटर. हा भागाकार जाहिरातीत कोणी देत नाही. छोट्या कॅमेऱ्यांची तुलना मात्र याच एका मापाने सर्वांत चोख होते, असे माझे म्हणणे आहे.

कारण साधे आहे. दोन कॅमेऱ्यांनी एकाच जागेवरून, तीच चौकट, तितकाच वेळ टिपली, तर कोणाच्या पदरात किती प्रकाश पडला हे केवळ झरोक्याच्या क्षेत्रफळावर ठरते. खोलीत किती उजेड येतो हे खिडकी ठरवते, समोरची भिंत नव्हे. आणि प्रकाश कणाकणाने येतो. एखाद्या ठिपक्यावर सरासरी १०० फोटॉन पडत असतील, तर ती संख्या दहाएकांनी वरखाली होते, म्हणजे १० टक्के चूक. १०,००० पडत असतील तर चढउतार शंभराचा, म्हणजे अवघा एक टक्का. अंधारात काढलेल्या फोटोतली रवाळ खरखर, ज्याला छायाचित्रकार नॉईज म्हणतात, ती मोठ्या प्रमाणात या मोजदादीतली अपरिहार्य चूक आहे. सेन्सर कितीही उत्तम असला तरी जे फोटॉन आत आलेच नाहीत ते तो मोजणार कसे?

या मापाने पाहिले की बाजाराचे चित्र उलटेपालटे होते. आयफोन १४ प्रोच्या मुख्य लेन्सचे नाभीय अंतर ६.८६ मिलिमीटर आणि एफ-आकडा १.७८, म्हणजे झरोका सुमारे ३.९ मिलिमीटरचा. तीच रुंद चौकट एचएक्स-९९ केवळ १.२ मिलिमीटरच्या भोकातून टिपतो, म्हणजे फोनला त्याच्या दहापटींहून अधिक प्रकाश मिळतो! खिशातला फोन असताना घरातल्या समारंभासाठी असा कॅमेरा घेणे म्हणजे पैसे देऊन अंधार विकत घेणे. सोनीचाच बराच महागडा आरएक्स-१०० मार्क ७ घेतला तरी रुंद टोकाला ९ भागिले २.८, म्हणजे ३.२ मिलिमीटर, फोनपेक्षा थोडा कमीच. कॅननचा जी-७ एक्स मार्क २ इथे ४.९ मिलिमीटरवर जातो. रिकोचा जीआर-३ किंचित अरुंद चौकटीत ६.५ गाठतो, पण त्याला झूमच नाही.

यावर जाणकार हरकत घेतील की महत्त्व सेन्सरच्या आकाराला आहे. सगळी परीक्षणे त्याच क्रमाने लावलेली असतात. ते चूक नाही, पण ते कारण नसून लक्षण आहे. लहान सेन्सरवर मोठा झरोका बसवायचा तर एफ-आकडा इतका खाली आणावा लागतो की तशी लेन्स घडवणे जवळजवळ अशक्य होते. म्हणून मोठा झरोका हवा असेल तिथे सेन्सरही मोठा येतो. एचएक्स-९९चा सेन्सर ६.१७ गुणिले ४.५५ मिलिमीटर, तर आरएक्स-१०० आणि जी-७ एक्समधला तथाकथित ‘एक इंची’ सेन्सर १३.२ गुणिले ८.८ मिलिमीटर, क्षेत्रफळाने चौपट. (त्यात एक इंचाचे काहीच नाही. जुन्या टीव्ही कॅमेऱ्यांतल्या काचेच्या नळीच्या बाहेरच्या व्यासावरून आलेले हे नाव आहे. नळ्या गेल्या, नाव राहिले.) पण नुसता सेन्सर पाहणारा फसतो, कारण आरएक्स-१०० मार्क ७ आणि जी-७ एक्स यांचे सेन्सर एकाच मापाचे असूनही रुंद टोकाला झरोक्यांच्या क्षेत्रफळात दुपटीहून अधिक फरक आहे. नुसता एफ-आकडा पाहणाराही फसतो. फोनवरचे १.८ आणि कॅमेऱ्यावरचे १.८ यांतून येणारा प्रकाश सारखा नसतो.

दूरचे टिपायचे असले की झरोका आणखी एक काम करतो, आणि तिथे छोटा कॅमेरा आपली किंमत वसूल करतो. प्रकाश अरुंद छिद्रातून जाताना पसरतो. या विवर्तनामुळे बिंदूचा बिंदू न राहता बारीक चकती होते. छिद्र जितके लहान तितकी चकती फोफशी. त्याच आयफोनच्या दूरच्या लेन्सचा झरोका ९ भागिले २.८, म्हणजे ३.२ मिलिमीटरचा आहे. भिगवणच्या पाण्यात १०० मीटरवर उभ्या रोहित पक्ष्यावर एकमेकांपासून २१ मिलिमीटरच्या आत असलेल्या दोन खुणा ही लेन्स तत्त्वतःही सुट्या दाखवू शकत नाही. चांगल्या डोळ्याची मर्यादा साधारण २९ मिलिमीटर आहे, म्हणजे फोनला डोळ्यापेक्षा फारसे जास्त दिसत नाही. मग पडद्यावर बोटांनी चित्र कितीही ताणा. एचएक्स-९९च्या १९ मिलिमीटर झरोक्याला ही मर्यादा साडेतीन मिलिमीटरपर्यंत खाली येते आणि पिसे मोजता येऊ लागतात. निकॉनच्या पी-१०००चा झरोका पूर्ण झूमवर ५३९ भागिले ८, म्हणजे ६७ मिलिमीटर होतो आणि मर्यादा एका मिलिमीटरवर येते. त्याचे वजन मात्र १,४१५ ग्रॅम. एवढी काच वाहून न्यावीच लागते, त्यात कोणाचीही हातचलाखी चालत नाही. उन्हाळ्यात दुपारी तापलेल्या माळावर मात्र हवाच थरथरत असते आणि मोठा झरोकाही हात टेकतो.

मेगापिक्सेलचा प्रश्न इथेच परस्पर निकाली निघतो. एचएक्स-९९चा झूम ताणल्यावर विवर्तनाची चकती सुमारे ८.६ मायक्रॉन रुंद होते आणि त्याचा एक पिक्सेल आहे जेमतेम १.२६ मायक्रॉनचा. एकेक बिंदू सात पिक्सेलवर सांडत असताना १८ मेगापिक्सेलचा मोठेपणा खोक्यावरच राहतो. कॅननने हे कधीच ओळखले होते: २००८च्या जी-१०मध्ये १४.७ मेगापिक्सेल होते, पुढच्याच वर्षीच्या जी-११मध्ये ते १० वर आणले. आकडा कमी करून वर ते मिरवणारी कंपनी विरळाच.

सर्वांत वजनदार हरकत मात्र वेगळी आहे. २०१८ साली गूगलने पिक्सेल फोनमध्ये ‘नाइट साइट’ आणले. त्यात फोन एकामागोमाग अनेक चित्रे घेऊन एकावर एक बेमालूम बसवतो. नऊ चित्रे मिळवली की नॉईज एक तृतीयांश होतो, म्हणजे झरोक्याचे क्षेत्रफळ नऊपट केल्यासारखेच. ही हरकत मी निम्मी मान्य करतो. अजिंठ्याच्या लेण्यात फ्लॅश वापरू देत नाहीत, दिवे मंद असतात, पण पद्मपाणी काही हलत नाही. तिथे आजचा चांगला फोन पाऊण लाखाच्या छोट्या कॅमेऱ्याला सहज मागे टाकेल, आणि कॅमेरा कंपन्यांनी हे तंत्र फोनइतके पुढे का नेले नाही, याचे समाधानकारक उत्तर नाही. पण फोन इथे क्षेत्रफळाऐवजी वेळ खर्च करतो. समोरचे हलू लागले की तो वेळच मिळत नाही. कोकणातल्या जत्रेत रात्री दशावतार रंगला आहे, संकासुर थयथयाट करतो आहे आणि आपण चौथ्या रांगेत आहोत, अशा वेळी चित्रांची चळत जुळत नाही. एकाच क्षणात जो प्रकाश आत येईल तो खरा. तिथे जी-७ एक्सचा झूम ताणला की ३६.८ भागिले २.८, म्हणजे १३ मिलिमीटरचा झरोका उघडतो. फोनच्या दूरच्या लेन्सच्या तुलनेत सोळापट प्रकाश. हात स्थिर ठेवणारी यंत्रणा इथे मदतीला येत नाही. ती आपला हात सावरते, संकासुराला नाही.

२०१० साली जगभरात १२ कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे बाजारात गेले होते. २०२३ मध्ये तो आकडा ८० लाखांच्या आत आला. फोनने गिळले ते रुंद चौकटीचे, स्थिर विषयाचे काम, म्हणजे बहुतेक लोकांचे बहुतेक फोटो. तेवढ्यावर ज्याचे भागते त्याने कॅमेऱ्याच्या फंदात पडू नये. उरलेल्या कामातही ताडोबाच्या गाभा क्षेत्रातल्या सफारीसारख्या जागा आहेत, जिथे मोबाइल बरोबर नेताच येत नाही, उजेड पहाटेचा असतो आणि प्राणी दूर असून हलत असतो. अशा वेळी ३०२ ग्रॅमच्या आरएक्स-१०० मार्क ७चा पूर्ण झूमवरचा १६ मिलिमीटरचा झरोका उपयोगी पडेल.

घेण्याआधी एक तपासणी मात्र दुकानातच करावी. कडेवर छापलेले आकडे झूमच्या दोन टोकांचे असतात, मधले कोणी सांगत नाही, आणि झूम जरासा पुढे सरकताच छिद्र झपाट्याने आवळणाऱ्या लेन्स पुष्कळ आहेत. झूम ५० वर आणून पडद्यावरचा एफ-आकडा वाचावा. जाहिरातीतला ५० हा खरा नसून ३५ मिलिमीटर फिल्मच्या हिशेबातला असतो. एक इंची सेन्सर असेल तर त्याला २.७ने भागावे, म्हणजे साडेअठरा. पडद्यावर ४ दिसले तर झरोका ४.६ मिलिमीटर. फोनच्या ३.९च्या जेमतेम पुढे.