मूत्रमार्गाचा कृत्रिम द्वारपाल

नागपूरच्या वैशाखांत माठ भरलेला असूनहि एखादे वृद्ध गृहस्थ पाणी पिण्याचें टाळतात. कारण लघवी आवरत नाहीं आणि तें घरांत सांगवत नाहीं. प्रोस्टेट ग्रंथीवरील शस्त्रक्रियेनंतर मूत्रमार्ग आवळून धरणारा स्नायु कधीं कधीं दुबळा होतो, त्याचा हा परिणाम असूं शकतो.

या स्नायूचें काम करणारें यंत्र अमेरिकेंतील ह्यूस्टन येथें डॉ. ब्रँटली स्कॉट व त्यांचे सहकारी यांनीं १९७२ सालीं प्रथम रुग्णाच्या शरीरांत बसविलें. आज प्रचलित असलेल्या यंत्राचीं अंगें तीन: मूत्रमार्गाभोंवतीं द्रवानें भरलेलें सिलिकोनचें कडें, पोटांत एक फुगा आणि पुरुषाच्या अंडकोशांत छोटासा पंप. पंप दाबला म्हणजे कड्यांतील द्रव फुग्यांत जातो व मार्ग मोकळा होतो. कांहीं मिनिटांत तो आपोआप परततो आणि मार्ग मिटतो.

खरें कौशल्य दाबाच्या मापांत आहे. दाब कमी पडला तर गळती थांबत नाहीं. अधिक झाला तर कड्याखालील रक्तप्रवाह अडून मूत्रमार्ग झिजतो. म्हणून फुगा बहुधा ६१ ते ७० सेंटिमीटर उंच पाण्याच्या स्तंभाइतकाच, म्हणजे दोन-सव्वादोन फूट पाण्याचा, दाब देतो.

हें यंत्र प्रत्येकास लागतेंच असें नाहीं. पुष्कळांस स्नायूंच्या व्यायामानेंहि गुण येतो. परंतु पाणी तोडणें हा उपाय नव्हे. डॉक्टरांपाशीं मोकळेपणानें बोलणें हीच पहिली पायरी होय.