अरुंद रस्ते व सायकलस्वाराचा हक्क

पुणे शहर एके काळी सायकलींचे शहर म्हणून प्रसिद्ध होते. आज त्याच शहरातील पेठांतून सायकल हाकणे हे धाडसाचे काम होऊन बसले आहे. रस्ते होते तेवढेच आहेत. दोन्ही अंगांस उभ्या केलेल्या मोटारींनी त्यांतील बराच भाग गिळला, आणि उरलेल्या भागातून जाणाऱ्या सायकलस्वारास मागचा मोटारवाला भोंगा वाजवून कडेस हो म्हणून दटावितो. पण ही कड म्हणजे काय, याचा त्याने कधी विचार केला आहे काय? कडेस गटाराची झाकणे, खडी, आणि केव्हा उघडेल याचा नेम नसलेले उभ्या मोटारीचे दार! ते अंगावर आले म्हणजे स्वार पडतो तो मागच्या चाकाखाली. शाळेस निघालेली मुलगी, वर्तमानपत्रे टाकणारा पोरगा, कारखान्याची पाळी गाठणारा मजूर, यांचा हा प्रश्न आहे. सबब अरुंद गल्लीत सायकलस्वाराने कडेस न चिकटता मधून चालावे, हा उर्मटपणा नव्हे, असे आमचे स्पष्ट मत आहे. मोटारवाल्याने थोडे मागे राहिल्याने त्याचे जाते काय? पुढच्या चौकातील तांबड्या दिव्याशी दोघांची गाठ पडतेच!

सायकलस्वार सर्वस्वी निर्दोष आहेत असे आम्ही म्हणत नाही. दिव्यावाचून रात्री निघणे आणि एकेरी रस्त्यात उलट घुसणे ही सर्रास चालतात, व त्यांस दंड झालाच पाहिजे. तथापि चूक उभयतांची असली तरी हाडे मोडतात ती एकाचीच.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे १८४ वे कलम धोकादायक रीतीने वाहन हाकण्यास शिक्षा सांगते; २०१९ च्या दुरुस्तीने नियमबाह्य रीतीने दुसऱ्या वाहनापुढे जाणेही त्यात स्पष्टपणे घातले. परंतु सायकलीपासून अंतर किती राखावे याचा आकडा त्या कलमात नाही, आणि आकडा नसला म्हणजे आरोपीचे "पुरेसे अंतर होते" हे म्हणणे खोडून काढणे किती जड जाते, हे कोणताही वकील सांगेल. जर्मनीच्या नियमांतही पूर्वी "पुरेसे अंतर" एवढेच शब्द होते. २०२० साली तेथे शहरात दीड मीटर व शहराबाहेर दोन मीटर असे नमूद झाले. इंग्रजांच्या २०२२ च्या सुधारलेल्या वाहतूकनियमांत तर मोटारीचे दार दाराकडील हाताने न उघडता दुसऱ्या हाताने उघडावे, म्हणजे मान आपोआप मागे वळते, असा उपदेश आहे. तो उचलण्यास स्वदेशाभिमान आड येण्याचे कारण नाही.

पेठांतील बोळांत दीड मीटर सापडणार कोठे, असा आक्षेप येईल. जेथे तो सापडणार नाही तेथे सायकलीपुढे जावयाचे नाही, हाच त्या आकड्याचा अर्थ. पुण्याच्या लोकप्रतिनिधींनी सरकारकडे तो नियमांत घालण्याची मागणी येत्या अधिवेशनातच करावी.